गंधक घालूनही वाफ्यातल्या मातीचा सामू ८ च्या खाली येत नाही

अनंतवेडी (प्रश्न)

नमस्कार. घरामागे माझा ३ चौरस मीटरचा एक वाफा आहे. त्यात दोन वर्षांपूर्वी अनंताची दोन आणि अझेलियाची तीन रोपे लावली. पहिला बहर उत्तम आला, त्यानंतर मात्र शेंड्याकडची पाने फिकट होत गेली. आता नवे पान उमलते तेच पिवळसर असते. त्यातली शिरांची जाळी तेवढी हिरवी राहते आणि अगदी कोवळी पाने तर जवळजवळ पांढरी पडून कडेने करपतात. खालची जुनी पाने मात्र अजून गर्द हिरवी आहेत.

माती तपासून घेतली तेव्हा सामू (पीएच; ७ च्या खाली आम्ल, वर विम्ल म्हणजे अल्कधर्मी) ८.१ निघाला. या झाडांना ५ ते ६ च्या दरम्यानचा सामू मानवतो असे वाचले होते, म्हणून मागच्या वर्षी एका तक्त्यात पाहून चौरस मीटरला १०० ग्रॅम या हिशोबाने ३०० ग्रॅम गंधकाची भुकटी मातीत मिसळली. सहा महिन्यांनी सामू ८.० आला आणि आता वर्षाने पुन्हा ८.१ आहे. मधल्या काळात दर पंधरवड्याला व्हिनेगर पाण्यात मिसळून घातले, वापरलेल्या कॉफीचा चोथाही पसरला. तपासणीचा खर्च आणि वर्षभराची मेहनत दोन्ही पाण्यात गेल्यासारखे वाटते आहे.

गंधकाचे प्रमाण वाढवावे, की तुरटी किंवा हिराकस (फेरस सल्फेट) यांसारखे लवकर काम करणारे काही घालावे? आणि मुळात एवढे गंधक गेले कुठे?

गादीवाफा

आपण केलेले पानांचे वर्णन लोहाच्या कमतरतेचे आहे, त्यात मला शंका वाटत नाही. नत्र कमी पडले तर आधी जुनी पाने सरसकट पिवळी पडतात आणि मॅग्नेशियम कमी पडले तरी शिरांमधला पिवळेपणा जुन्या पानांपासून सुरू होतो, कारण ही दोन्ही अन्नद्रव्ये झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना पुरवू शकते. लोह तसे हलत नाही, म्हणून उपासमार शेंड्याला आधी दिसते. मातीत लोह नसते असे नाही, ते भरपूर असते. परंतु सामू ७.५ च्या वर गेला की ते अशा रूपात बसून राहते की ज्या झाडांची मुळे ते सोडवून घेण्यात कच्ची आहेत, त्यांना ते मिळत नाही. अनंत आणि अझेलिया याच गटातली आहेत.

गंधकाबद्दल बोलण्यापूर्वी मला दोन गोष्टी कळायला हव्यात. वाफ्यातली मूठभर माती पूर्ण वाळवून, ढेकळे फोडून, काचेच्या वाटीत घ्या आणि तिच्यावर पाणी न मिसळलेले व्हिनेगर टाका. बुडबुडे येतात का ते पाहा, आणि वाटी कानाजवळ धरून चुरचुर ऐकू येते का तेही पाहा, कारण चुन्याचे प्रमाण कमी असेल तर फेस दिसण्याआधी आवाज येतो. दुसरी गोष्ट अशी की तपासणीच्या कागदावर सामूखेरीज ‘मुक्त चुना’ (मातीत मिसळलेली चुनखडी) असा रकाना असतो. बहुतेक जण तो वाचत नाहीत. तो आकडा इथे द्या. पाणी कुठले घालता आणि ते कधी तपासले आहे का, हेही सांगा.

सामूचा आकडा माती किती आम्ल किंवा किती विम्ल आहे एवढेच सांगतो. ती खाली आणायला किती आम्ल लागेल हे त्या आकड्यात लिहिलेले नसते. ८.१ सामूच्या दोन मातींपैकी एकीला मूठभर गंधक पुरेल आणि दुसरीला पोतेही पुरणार नाही.

अनंतवेडी

प्रयोग केला. वाटी कानाशी नेण्याची गरजच पडली नाही, कारण व्हिनेगर पडताच सोडा उघडल्यासारखा आवाज आला आणि ढेकळांच्या कडांना पांढरा फेस धरला. फेस ओसरल्यावर पुन्हा थोडे व्हिनेगर टाकले तर पुन्हा तेच झाले.

कागदाच्या मागच्या बाजूला मुक्त चुना ६ टक्के असे लिहिलेले सापडले. विद्युत वाहकता (क्षारांचे माप) सामान्य आहे. पाणी घरच्या विहिरीचे आहे. ते पिण्यासाठी म्हणून तपासले होते आणि त्यात एकूण विम्लता लिटरला ३०० मिलिग्रॅम असा आकडा आहे. माती उकरताना आणखी एक गोष्ट दिसली. काही ठिकाणी गंधकाच्या हरभऱ्याएवढ्या पिवळ्या गुठळ्या अजून तशाच पडून आहेत.

गादीवाफा

मग हिशोब सरळ आहे आणि तो एकदा कागदावर मांडला की राग मावळतो.

आपला वाफा ३ चौरस मीटरचा. वरची फक्त १५ सेंटिमीटर माती धरली तरी ती सुमारे ५८५ किलो भरते. तिच्यात ६ टक्के चुना म्हणजे ३५ किलो चुनखडी. गंधकाचे मातीतल्या जिवाणूंकडून गंधकाम्ल होते, आणि ३२ ग्रॅम गंधकापासून झालेले आम्ल १०० ग्रॅम चुनखडी संपवते. आपण घातलेल्या ३०० ग्रॅमने, ते सगळे कामी आले असे धरले तरी, एक किलोहून थोडी कमीच चुनखडी संपली असती. पस्तिसांपैकी एक. गंधक वाया गेले नाही, त्याने आपले काम केले; काम त्याच्या आवाक्याबाहेरचे होते.

चुनखडी शिल्लक असेपर्यंत सामू हलत का नाही, हे समजायला बर्फाचे उदाहरण बरे पडते. भांड्यात बर्फ आणि पाणी एकत्र असेल तर खालून आच दिली तरी बर्फ संपेपर्यंत पाणी तापत नाही, सगळी उष्णता बर्फ वितळवण्यात जाते. तसेच इथे सगळे आम्ल चुनखडी विरघळवण्यात जाते आणि सामू ७.५ ते ८.३ च्या दरम्यान घुटमळत राहतो. आपल्याला सहा महिन्यांनी दिसलेला ८.० हा फरक तर मोजण्यातल्या चढउताराएवढाच आहे.

आता कोणी म्हणेल की मग ३५ किलोच्या हिशोबाने घालावे. त्याला सुमारे ११ किलो गंधक लागेल, तेही केवळ वरच्या १५ सेंटिमीटरसाठी. त्यातून वाफ्यात जवळपास ६० किलो जिप्सम तयार होईल आणि एवढे आम्ल एका दमात सुटले तर मुळे आधी जातील. तक्त्यातला चौरस मीटरला १०० ग्रॅमचा आकडा खोटा नाही. मुक्त चुना नसलेल्या मातीचा सामू ७.५ वरून ६.५ वर आणायला वालुकामय मातीत साधारण ५५ ग्रॅम, पोयट्याच्या मातीत ९० आणि चिकण मातीत ११० ग्रॅमच्या आसपास गंधक लागते. तक्ते छापणारे ‘मुक्त चुना नसलेल्या’ हे शब्द बारीक अक्षरात टाकतात किंवा टाकतच नाहीत, एवढीच माझी तक्रार आहे.

तुरटी आणि हिराकस यांचेही तेच. दोन्ही लवकर काम करतात, कारण त्यांना जिवाणूंची वाट पाहावी लागत नाही. परंतु तेवढाच परिणाम साधायला हिराकस गंधकाच्या आठ-नऊ पट आणि तुरटी दहा पट लागते. आपल्या वाफ्यासाठी ते क्विंटलभर होईल. शिवाय तुरटीतून ॲल्युमिनियम येते, आणि आम्ल झालेल्या मातीत ते मुळांना विषारी ठरते. हायड्रेंजियाची फुले निळी व्हावीत म्हणून लोक तुरटी घालतात ते याच ॲल्युमिनियमसाठी. तिथे थोडक्यात काम भागते, आणि हायड्रेंजियाला ते सोसते.

व्हिनेगरविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा गैरसमज फार चिवट आहे. व्हिनेगर चुनखडीशी झगडते हे आपण वाटीत पाहिलेच. परंतु त्यातून जो ॲसिटेट तयार होतो, तो मातीतल्या जिवाणूंचे खाद्य आहे. ते त्याचा फडशा पाडतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि मागे राहिलेला चुना पुन्हा कार्बोनेट होऊन बसतो. आठवड्याभरात गाडी होती त्या स्थानकावर. लिंबाच्या रसाचे आणि सायट्रिक आम्लाचेही असेच होते. गंधकाम्लाचा सल्फेट असा खाल्ला जात नाही, म्हणून गंधकाचा परिणाम टिकतो. वापरलेल्या कॉफीच्या चोथ्यातले आम्ल बहुतांशी कपातच उतरलेले असते; उरलेला चोथा उदासीनच्या आसपास असतो. खत म्हणून घाला, सामूसाठी नको.

गुठळ्या राहिल्या त्याचे कारण असे की गंधकाला पाणी धरत नाही, ते एकत्र पडले की कोरडेच राहते, आणि जिवाणूंना त्याच्या पृष्ठभागावरच काम करता येते. भुकटी जितकी बारीक आणि मातीत जितकी विखुरलेली, तितके ते लवकर. ऊब, ओल आणि हवा या तिन्ही गोष्टी लागतात. थंडीत हे काम जवळजवळ थांबते. पाणी साचलेल्या मातीत तर ते उलट्या दिशेला जाऊन सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू तयार होऊ शकतो.

मोजपट्टी

वरील हिशोबात पाण्याचा भाग राहिला आहे आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. ३ चौरस मीटरच्या वाफ्याला दिवसाला १५ लिटर पाणी आणि वर्षातले २०० दिवस पाणी घातले असे धरा. एकूण ३,००० लिटर झाले. लिटरला ३०० मिलिग्रॅम विम्लता म्हणजे त्या पाण्यातून वर्षाला ९०० ग्रॅम चुनखडीएवढा विम्ल पदार्थ वाफ्यात आला. गादीवाफा यांच्या गणिताप्रमाणे ३०० ग्रॅम गंधक जेवढी चुनखडी संपवते, जवळपास तेवढीच. आपण एका हाताने काढले आणि दुसऱ्या हाताने झारीतून परत घातले. मातीत चुना अजिबात नसता, तरीही या पाण्यावर दरवर्षी गंधकाची तेवढी मात्रा द्यावीच लागली असती.

पाण्याचा सामू पाहून हे कळत नाही, विम्लतेचा आकडाच पाहावा लागतो. पावसाच्या पाण्याचा सामू साधारण ५.६ असतो, परंतु त्यात विरघळलेले क्षार जवळजवळ नसल्याने त्याने माती आम्ल होईल अशी आशाही ठेवू नये. ते चुना आणत नाही, हाच त्याचा गुण. साठवताना पहिल्या सरीचे पाणी सोडून द्यावे, आणि छप्पर नव्या सिमेंटचे किंवा चुना लावलेले असेल तर ते पाणी या झाडांसाठी धरू नये.

आणखी एक. सामू घरी मोजत असाल तर मातीत खुपसायच्या दोन काट्यांच्या यंत्रावर विसंबू नका. कोरड्या मातीत ते एक सांगते आणि ओल्या मातीत दुसरे. एक भाग मातीला अडीच भाग ऊर्ध्वपातित पाणी घालून, ढवळून, अर्धा तास ठेवून, ४ आणि ७ च्या प्रमाणित द्रावणांत जुळवून घेतलेल्या मापकाने मोजावे. विम्ल मातीसाठी वरच्या बाजूचे, ९ च्या आसपासचे द्रावणही वापरावे. दोन वेळच्या आकड्यांत ०.१ चा फरक आला तर त्याचा कोणताही अर्थ काढू नये.

कुंडीतले_रान

मी थोडे वेगळे मत मांडतो. इथे सगळे सामूच्या मागे लागले आहेत, झाडाला मात्र लोह हवे आहे. सामू न हलवताही ते देता येते. कीलेट केलेल्या (चिलेटेड, म्हणजे मातीत बसू नये म्हणून सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेल्या) लोहाचे जे प्रकार मिळतात त्यांत ईडीटीए प्रकार ६.५ च्या वरच्या सामूत टिकत नाही, डीटीपीए साधारण ७.५ पर्यंत टिकतो आणि ईडीडीएचए प्रकार चुनखडीच्या मातीतही लोह धरून ठेवतो. पाकिटावर केवळ ‘चिलेटेड लोह’ लिहिलेले असेल तर ते घेऊ नका, ८.१ सामूच्या मातीत चुकीचा प्रकार घातला तर काही दिवसांत लोह सुटून पुन्हा मातीत बसते. ईडीडीएचए पाण्यात गडद लाल दिसते आणि उन्हात त्याचे विघटन होते, म्हणून ते संध्याकाळी मुळांशी देऊन वर साधे पाणी घालावे, पृष्ठभागावर ठेवू नये.

तातडीचा उपाय म्हणून फवारणी आहे. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि १० ग्रॅम सायट्रिक आम्ल, आणि हे द्रावण ताजेच वापरायचे. ते तपकिरी झाले तर टाकून द्यावे. आधी एका फांदीवर फवारून दोन दिवस थांबा, कारण अझेलियाची कोवळी पाने नाजूक असतात. फवाऱ्याने पानावर जिथे थेंब बसतात तिथे हिरवे ठिपके उमटतात आणि बाकीचे पान पिवळेच राहते, हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा कुठला तरी रोग आला असे समजलो होतो. ते ठिपकेच निदानाचा पुरावा आहेत. फरशीवर पडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत.

सामू स्थानिकरीत्या खाली आणण्याची जुनी युक्तीही आहे. झाडाच्या घेरात तीन-चार अरुंद खड्डे घेऊन त्यांत गंधक आणि हिराकस मिसळलेले कुजलेले खत भरायचे. पूर्ण वाफा आम्ल होत नाही, परंतु त्या कप्प्यांत शिरलेल्या मुळांना लोह मिळते. मोठ्या फळझाडांत हे चालते. आपल्या उथळ मुळांच्या झाडांत मात्र मी ते टाळेन.

गादीवाफा

कुंडीतले_रान यांचे म्हणणे मला मान्य आहे, एका पुरवणीसह: ते दरवर्षी करावे लागेल. नवी पालवी आली की पुन्हा लोह. अनंत त्यावर तग धरेल, कारण ते तुलनेने सोशिक आहे. अझेलियाचे मला अवघड वाटते.

दोन वर्षे झगडून झाल्यावर मी स्वतः जमिनीशी भांडण सोडले आणि अझेलिया वेगळ्या जागी नेली, तेवढा अनुभव सांगतो. जमिनीत खड्डा घेऊन तो आम्ल मिश्रणाने भरला होता. पहिल्या वर्षी झाडे तरारली, मग हळूहळू फिकट झाली. उकरून पाहिले तर खड्ड्याच्या कडा कुठे संपतात हेच कळेना. बाजूचे पाणी झिरपून चुना आत आला होता आणि गांडुळांनी दोन्ही माती एक करून ठेवली होती. गांडुळांना दोष देता येत नाही, ती त्यांचीच कामे आहेत.

म्हणून खड्ड्याऐवजी जमिनीच्या वर ४० ते ४५ सेंटिमीटर उंचीचा वाफा करा, तळाशी पाणी जाईल पण माती व गांडुळे येणार नाहीत असे दाट विणीचे कापड घाला, आणि कडा सिमेंटच्या विटांच्या करू नका. त्यांतूनही चुना पाझरतो. लाकडी फळ्या बऱ्या. भरण्यासाठी पीट (दलदलीत साठलेला वनस्पतींचा अर्धवट कुजलेला थर), पाइनच्या सालीचा चुरा आणि पानकुजीचे खत यांचे मिश्रण घ्यावे. कोकोपीट पीटची जागा पूर्णपणे घेत नाही, कारण त्याचा सामू बहुधा ५.५ ते ६.८ असतो आणि पीटचा ३.५ ते ४.५. पीट दलदलींमधून काढले जाते आणि त्या दलदली भरून यायला शतके लागतात, त्यामुळे ते मी मिश्रणाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त वापरत नाही. उरलेली कसर या मोकळ्या मिश्रणात गंधकाची अगदी थोडी मात्रा भरून काढते, कारण इथे तिला अडवायला चुनखडी नसते. बागेतली माती एक घमेलेही घालू नका. लाकडाची राख तर लांबच ठेवा, तिने सामू वर जातो.

खत अमोनियम सल्फेटच्या रूपात, वाढीच्या काळात थोडे थोडे द्यावे. अमोनियम घेताना मुळे आपल्या भोवती आम्ल सोडतात आणि नायट्रेट घेताना उलट होते, त्यामुळे नत्र कोणत्या रूपात दिले याचा परिणाम मुळांच्या अगदी लगतच्या मातीवर दिसतो.

अनंतवेडी

सर्वांचे मनापासून आभार. गंधकाचे दुसरे पाकीट आणून ठेवले होते, ते आता जुन्या वाफ्यात घालणार नाही.

मी असे ठरवले आहे की अनंताची दोन्ही झाडे आहेत तिथेच ठेवून त्यांना ईडीडीएचए लोह द्यावे आणि अझेलिया मोठ्या कुंड्यांत हलवाव्यात. उंच वाफ्याएवढे पावसाचे पाणी साठवणे मला जमणार नाही, तीन कुंड्यांपुरते जमेल. दोन शंका राहिल्या. हलवताना मुळांना चिकटलेली जुनी माती धुऊन काढावी का? आणि साठवलेले पाणी संपले तर मधल्या काळात विहिरीचे पाणी चालेल का?

मोजपट्टी

अझेलियाची मुळे केसांसारखी बारीक असतात आणि वरच्या थरातच गोळा झालेली असतात. जोरदार धारेखाली धुतली तर निम्मी तुटतील. मुळांचा गड्डा पावसाच्या पाण्याने भरलेल्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा, बोटांनी हलके हलवा, जी माती आपोआप सुटेल ती सुटू द्या आणि उरलेली राहू द्या. लावताना गड्डा होता त्यापेक्षा खोल जाऊ देऊ नका, उलट बोटभर वर राहिला तरी चालेल. कुंडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्या, सिमेंटची नको, आणि तळाला निचऱ्यासाठी म्हणून चुनखडीचे खडे टाकू नका. ही चूक मी पाहिली आहे.

पाणी संपल्यावर विहिरीचे पाणी चार-सहा आठवडे घातले तर झाड लगेच बिघडत नाही. तेव्हा १० लिटरला ३ ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळले तर लोह सुटे राहायला तात्पुरती मदत होते. वर म्हटल्याप्रमाणे चुना त्याने जात नाही, म्हणून पुन्हा पाऊस सुरू झाला की पहिले दोन-तीन वेळा कुंडीच्या तळातून धार लागेपर्यंत भरपूर पावसाचे पाणी द्या. तळातून आलेले ते पाणी एका भांड्यात धरून त्याचा सामू पाहत जा. तो ६.५ च्या वर सरकू लागला की कुंडीच्या मातीला बारीक गंधकाची चिमूट द्यायची वेळ झाली असे समजा, आणि त्यासाठी आणून ठेवलेले ते दुसरे पाकीट कोरड्या जागी जपून ठेवा.